ओलीटाचा बारीक तंगूस

मार्च महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी लोवेल प्रुइट धरणावरून गाडीमागे बोट ओढत घरी आला, तेव्हा अंगणात मेव्हणीची गाडी उभी होती आणि व्हर्ना ओसरीच्या पायरीवर बसली होती. तिच्या मांडीवर केकचं रिकामं भांडं होतं. ते परत करायला ती आली होती. लोवेलने गाडी बंद केली तरी ती उठली नाही. तो अगदी जवळ आल्यावर म्हणाली, "दाजी, ताई गेली."

ओलीटा मागच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत होती. हृदय बंद पडलं, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. समोर टेबलावर तिच्या मासेमारीच्या काठीची दोन रिळं होती. थंडी सरली की ती त्यांवरचा जुना तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, काढून नवा भरायची. एक रीळ भरून झालं होतं, दुसरं अर्धं. तंगूस ओल्या फडक्यातून ओढत भरावा लागतो, म्हणजे तो घट्ट बसतो आणि पुढे गुंतत नाही. बावीस वर्षं ते फडकं लोवेलच्या चिमटीत असायचं आणि ओलीटा रिळाची मूठ फिरवायची. त्या सकाळी ती म्हणाली होती, अर्धा तास थांब, मग जा. लोवेल म्हणाला होता की मासे कुणासाठी थांबत नाहीत. म्हणून तिने फडकं दोन गुडघ्यांत धरलं होतं. लोवेलने ते उचललं तेव्हा ते अजून ओलं होतं.

दफन रविवारी झालं. चर्चच्या तळघरात गावातल्या बायकांनी जेवण मांडलं होतं. लोवेल ताट घेऊन बसला होता, तेवढ्यात डब रॅग्सडेल शेजारी येऊन बसला. डब हा मासेमारी क्लबाचा सेक्रेटरी आणि लोवेलचा चाळीस वर्षांपासूनचा मित्र. त्याने लोवेलच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू तिला फार सांभाळून नेलंस रे. चार वेळा जिंकून दिलंस. कोण करतं बायकोसाठी एवढं?"

लोवेलच्या तोंडात घास होता. त्याने मान डोलावली.

ते मान डोलावणं त्याला पुढे महिनाभर झोपू देईना.

गोष्ट अशी होती. दर ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी क्लबात जोडप्यांची स्पर्धा असते. एका बोटीत घरातली किंवा नात्यातली दोन माणसं, बास जातीचे पाच मासे, ज्यांचं वजन जास्त ते पहिले. मासे जिवंत आणायचे, तोलायचे, परत सोडायचे. आमिषांच्या दुकानात एक लाकडी फळा टांगलेला आहे. त्यावर जिंकणाऱ्यांची नावं रंगवतात, आणि चार ओळींत एकच नाव आहे: श्री. व सौ. लोवेल प्रुइट. त्या चार वर्षांचे मिळून वीस मासे. त्यांतले सतरा ओलीटाने धरले होते. तोलाच्या वेळी पिशवी मात्र लोवेल उचलायचा, कारण पिशवी जड असायची. फोटोही त्याचाच निघायचा.

लोवेलची मासेमारी वेगळी होती. काठी जाड, तंगूस जाड, आमिष तळहाताएवढं. मासा लागला की असा हिसका द्यायचा की बोट हलली पाहिजे. ओलीटाची काठी हलकी, तंगूस केसासारखा, आमिष म्हणजे करंगळीएवढी रबरी अळी आणि तिच्या टोकाला वाटाण्याएवढं शिसं. डब तिच्या काठीला बाहुलीची काठी म्हणायचा. लोवेलही हसायचा. पाणी नितळ, ऊन कडक, मासे रुसलेले, असा दिवस आला की मोठ्या आमिषाकडे मासा ढुंकून बघत नाही. ऑक्टोबरात या डोंगरांमधलं पाणी तसंच असतं. त्या दिवशी ओलीटा बोटीच्या मागच्या टोकाला गप्प बसून एकेक मासा आत घ्यायची.

हे डबला नुसतं सांगता आलं असतं. पण बायको गेली की सगळेच नवरे बायकोचे गुण गातात, आणि ऐकणारे मान डोलावून दुसऱ्या गोष्टीवर जातात, हे लोवेलला ठाऊक होतं. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी तो व्हर्नाकडे गेला आणि म्हणाला की ऑक्टोबरची स्पर्धा मी खेळणार. ओलीटाच्या काठीवर, ओलीटाच्या आमिषांवर. दुसरं काही बोटीत घ्यायचं नाही. पाच मासे तोलावर टाकीन आणि मग सगळ्यांसमोर सांगीन की ते चार विजय कुणाचे. नाही टाकले, तर बोलणार नाही.

व्हर्नाने विचारलं, आणि बोटीत दुसरं कोण?

"तू."

"मला गळाला दोरा ओवता येत नाही."

"तुला ती काय करायची ते ठाऊक आहे. लहानपणापासून तिच्या मागे बसलीयेस."

व्हर्ना मे महिन्यापासून दर मंगळवारी आणि शनिवारी यायला लागली. येताना सँडविच आणि विणकाम आणायची, बसायला उशी आणायची. स्वतः काठीला हात लावायची नाही. लोवेल म्हणायचा, ही उंटावरून शेळ्या हाकते. पण हाकायला तीच होती.

पहिल्या दिवशी त्याने पाच मासे गमावले. मासा लागला की चाळीस वर्षांची सवय हात वर उचलायची, आणि बारीक तंगूस तुटून तोंडावर यायचा. पाचव्या वेळी व्हर्ना विणकामातून मान वर न करता म्हणाली, "दाजी, मासा धरताय की गवत उपटताय?"

"मग तुझी ताई काय करायची?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. टाकायची, बुडू द्यायची, आणि गप्प बसायची. तेच तर तुम्हाला जमत नाही."

लोवेल चिडला, पण त्याला आठवलं की खरंच ओलीटाचे हात हलताना दिसायचे नाहीत. त्याने आमिष तळाशी जाऊ दिलं. तंगूस किंचित सैल ठेवला. दहा सेकंद, वीस सेकंद. त्याचं मनगट आपोआप हलायचं. व्हर्ना सुईने बोटीच्या काठावर टक् करायची. तेवढ्याने त्याला कळायचं.

जून संपेपर्यंत त्याने बोटीतल्या पाण्याच्या टाकीत ठेवावा असा एकही मासा धरला नाही. एका शनिवारी तो व्हर्ना यायच्या आधी उठला आणि आपली जाड काठी बोटीच्या खणात सरकवून ठेवली. दहाच्या सुमाराला एका बुडालेल्या झाडाजवळ ती बाहेर काढली, हिसका दिला आणि चार पौंडांचा बास बोटीत घेतला. कितीतरी महिन्यांनी तो मोठ्याने हसला. व्हर्ना विणत राहिली. दुपारी बोट गाडीमागे चढवताना म्हणाली, "मासा छान होता. पण असे मासे धरणाऱ्याचं नाव फळ्यावर आधीच आहे."

त्यानंतर जाड काठी माळ्यावर गेली.

जुलैच्या मध्यात एक गोष्ट घडली. सकाळचे आठ वाजले होते. पंधरा फूट पाण्यात, खड्यांच्या उतारावर त्याने अळी टाकली होती आणि ती अगदी सावकाश ओढत होता. धक्का बसला नाही, टोचलं नाही. फक्त तंगूस थोडा जड झाला, ओल्या फडक्यातून जाताना होतो तेवढाच. बावीस वर्षं चिमटीत धरलेलं ते वजन त्याच्या बोटांना झोपेतही ओळखता आलं असतं. त्याने हिसका दिला नाही. नुसती मूठ फिरवली, जशी ओलीटा फिरवायची. काठी वाकली आणि वाकलेलीच राहिली.

मासा अडीच पौंडांचा होता. लोवेलने तो हातात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. शेवटी व्हर्ना म्हणाली, "सोडा त्याला, गुदमरेल."

तो म्हणाला, "मला वाटायचं मी नुसतं फडकं धरतो."

त्या दिवशी अजून तीन लागले. तिथून पुढे लोवेलला बोटांचा भरवसा आला. आमिष पडल्यावर रिळावरची तंगूस अडवणारी तार हाताने मिटायची, मूठ फिरवून नाही, म्हणजे पीळ पडत नाही, हे त्याला आठवलं. गाठ ओढण्याआधी थुंकीने भिजवायची, हेही. ओलीटा हे सगळं त्याच्यासमोर करायची आणि तो बघत असायचा. त्याने ते तेव्हा शिकणं मानलं नव्हतं, एवढंच. सप्टेंबरात त्याने एका दिवसात नऊ धरले. परत येताना तो शीळ घालत होता, आणि व्हर्नाने त्याला टोमणा मारला की ताई नऊ धरून भाजी चिरायला बसायची.

एका बाबतीत मात्र तो व्हर्नाचं ऐकेना. तो सगळा वेळ ओलीटाने भरलेलं पहिलं रीळच वापरत होता. दगडांवर घासून तंगुसाचं टोक खराब व्हायचं, तेवढं तो कापून टाकायचा. असं करत रीळ निम्म्याच्या खाली आलं. व्हर्ना म्हणाली, दुसरं भरून घ्या, मी फडकं धरते. स्पर्धेत हा तुटला तर बसाल रडत. लोवेल म्हणाला, बघू.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार उजाडला तो निळ्या आकाशाचा. वारा नाही, पाणी काचेसारखं. धक्क्यावर तेवीस बोटी होत्या. डबने लोवेलच्या बोटीत डोकावून बघितलं. एकच काठी होती.

"आज बाहुलीची काठी?" तो हसला. "आणि मेव्हणी कशाला?"

"मला दाजींवर लक्ष ठेवायला सांगितलंय," व्हर्ना म्हणाली. "तुझ्यावर कोण ठेवतं, डब?"

सकाळभर आजूबाजूच्या बोटींतून मोठी आमिषं धपाधप पडत होती आणि कुणाची जाळी उचललेली दिसत नव्हती. लोवेल खड्यांच्या उतारावर गेला आणि गप्प बसला. साडेनऊला पहिला मासा, नियमातल्या पंधरा इंचांना जेमतेम पुरणारा. अकराच्या आत अजून दोन. एकला चौथा. तीन वाजता तोलावर पोचायचं होतं.

दोन वाजेपर्यंत काही नाही. व्हर्नाने सँडविच पुढे केलं, ते त्याने घेतलं नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी तंगूस जड झाला.

लोवेलने मूठ फिरवली आणि त्याला लगेच कळलं की हा आधीच्या चारांसारखा नाही. मासा उताराखालच्या बुडालेल्या झाडाकडे निघाला. त्याचे दोन्ही हात ओढायला आसुसले होते. जाड तंगुसावर त्याने तो उलटा फिरवला असता. त्याने हिसका दिला नाही. अंगठ्याने रिळाची पकड एक घर सैल केली आणि माशाला जाऊ दिलं. रीळ कुरकुरत फिरलं. त्यावर इतका थोडा तंगूस उरला होता की खालचा मोकळा धातू दिसायला लागला.

"दाजी," व्हर्ना हळूच म्हणाली.

"काही नाही," तो म्हणाला. "काही नाही करायचं."

मासा झाडाच्या अलीकडे थांबला. लोवेलही थांबला. मग फडक्यातून ओढावा तसा, एकेका फेऱ्याने, त्याला वर आणत गेला. वर यायला सात मिनिटं लागली. व्हर्नाने आयुष्यात पहिल्यांदा जाळी पाण्यात घातली आणि पहिल्याच खेपेत तो आत घेतला. मग ती खाली बसली आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

तोलाला डबच्या टाकीत दोन मासे निघाले, नऊ बोटी रिकाम्या आल्या. लोवेलचे पाच तेरा पौंड दोन औंस भरले. शेजारच्या जिल्ह्यातलं एक जोडपं चार औंसांनी पुढे होतं. लोवेल दुसरा आला.

डबने त्याच्या हातात माइक दिला, दोन शब्द बोल म्हणून. लोवेलला बोलायची सवय नव्हती. तो म्हणाला, "हे पाच मासे ओलीटाच्या काठीवर आले, तिने भरलेल्या तंगुसावर. तिने केलं तसं करायला मला सहा महिने लागले, तरी मी दुसरा आलो. फळ्यावर आमची चार वर्षं आहेत. त्या वीस माशांतले सतरा तिचे. मी पिशवी उचलायचो. मार्चमध्ये मला कुणीतरी म्हणालं की मी तिला जिंकून दिलं. मी तेव्हा मान डोलावली. ते खोटं होतं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डब खाली बघत होता. मग मागच्या रांगेतून त्याची बायको म्हणाली की आम्हा बायकांना हे पहिल्या वर्षापासून माहीत आहे, आणि तिथे जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. हसत हसतच त्यांतल्या दोघींनी डोळे पुसले.

पुढच्या आठवड्यात डबने स्वतः रंगाचा डबा आणि बारीक ब्रश आणला. चारही ओळी खरवडल्या आणि नव्याने लिहिल्या: ओलीटा प्रुइट व लोवेल प्रुइट. अक्षरं किंचित वाकडी आली. डबने विचारलं, ठीक आहे ना? लोवेल म्हणाला, तिचं नाव आधी आहे, म्हणजे ठीक आहे. तो फळ्यासमोर उभा राहिला, आणि आमिषं घ्यायला आलेल्या एका अनोळखी माणसाला त्याने विचारलं नसताना सांगितलं की ही माझी बायको.

पाचवा मासा आणणारं रीळ त्याने पुसून टेबलावर ठेवलं आहे. त्यावर आता काही हातच तंगूस उरला आहे. दुसरं रीळ त्याच्या शेजारी आहे, तिने ठेवलं तसंच, अर्धं भरलेलं. व्हर्ना दर मंगळवारी विचारते, फडकं धरू का? ते भरायचं अजून राहिलं आहे.