धुतलेली काथवट

लग्न होऊन फेलिक्सच्या गावी आले तेव्हा मला पाव करता येत नव्हता. कौनास शहरात आमच्या घराच्या कोपऱ्यावरच बेकरी होती. इथे मात्र दर पंधरा दिवसांनी राय नावाच्या धान्याचे आठ मोठे पाव घरीच व्हायचे. त्यांचं पीठ भिजायचं ते सासूबाईंना त्यांच्या आईने दिलेल्या ओकच्या खोल काथवटीत.

त्या जूनमध्ये माझी नणंद एमिलिया बाळंत झाली आणि सासूबाई तिच्याकडे गेल्या. शनिवारी आमचं गवत कापायला गावातले सात गडी येणार होते. मजुरी कोणी घेत नसे, पण जेवण घरच्या पावाचं लागे. जाताना सासूबाई एवढंच म्हणाल्या की बुधवारी संध्याकाळी पीठ भिजव, सकाळी मळ, भट्टी तापली की भाज.

बुधवारी काथवटीचं झाकण काढलं तर आत सगळीकडे वाळलेल्या पिठाचे पापुद्रे आणि नाकात शिरणारा आंबट वास. मला सासूबाईंची कीव आली. वय झालं, हात पोचत नसतील. मी उकळतं पाणी ओतलं, राखेने तासभर घासलं आणि काथवट उन्हात पालथी घातली. इतकी स्वच्छ ती कधी झाली नसेल, असं वाटून मी मनात खूश होते.

संध्याकाळी तिच्यात पीठ भिजवलं, पण गुरुवारी सकाळी बघते तर ते जसंच्या तसं. ना फुगलं, ना बुडबुडा. भिंतीला लिंपायच्या मातीसारखं पडून होतं. मी वाकून वास घेतला तर कसलाच वास नाही, आणि तेव्हा कुठे कळलं. ते पापुद्रे म्हणजेच विरजण होतं. पन्नास वर्षांचं विरजण मी अंगणात ओतून दिलं होतं.

शेजारच्या बार्बोराकडे मागता आलं असतं. पण ती मला आधीच ‘कौनासची राणी’ म्हणायची. फेलिक्स कुरणात होता, त्यालाही न सांगता मी दीड तास चालत एमिलियाचं घर गाठलं आणि दारातच रडायला लागले.

एमिलिया बाळाला पाजत होती. तिने सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. पलीकडच्या गावात एकीने असंच केलं होतं म्हणे. तिला नातवंडं झाली तरी लोक तिला ‘धुणारी’च म्हणत.

सासूबाई उठल्या. एमिलियाच्या काथवटीतून त्यांनी मूठभर आंबट पीठ खरवडलं. ते त्यांच्याच घरचं, लेकीला लग्नात दिलेलं. कोबीच्या पानात गुंडाळून त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

“पोलक्याच्या आत ठेव, अंगाला लागून. थंड होऊ देऊ नकोस. आणि एक ऐक. घरी पोचून पिठात कालवेपर्यंत वाटेत कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. बोललीस तर ते मरतं.”

गावात शिरले तर बार्बोरा कुंपणाशीच उभी.

“काय गं सूनबाई, सकाळपासून कुठे दौरा?”

मी मान खाली घालून चालत राहिले.

“बघा, आता आमच्याशी बोलायलाही राणीसाहेबांना कमीपणा वाटतो.”

विहिरीवर आणखी तिघी होत्या. त्यांनीही विचारलं, आणि मी हसलेसुद्धा नाही. छातीशी ते पान ओलसर, कोमट लागत होतं. घरात शिरून पीठ कालवलं तेव्हा कुठे तोंड उघडलं, आणि पहिला शब्द त्या काथवटीला बोलले. माफ कर म्हटलं.

शुक्रवारी पीठ वर आलं होतं. मुठींनी मळून मळून माझे खांदे भरून आले, रायचं चिकट पीठ हात सोडेना. वेखंडाच्या पानांवर गोळे ठेवले, पहिल्यावर बोटाने क्रूस काढला. पाव झाले, थोडे बसके, एक चिरलेला. शनिवारी सातही गड्यांनी खाल्ले. बार्बोराच्या नवऱ्याने दुसऱ्यांदा मागितला. तिने मात्र वर्षभर माझ्या मिजासीच्या गोष्टी सांगितल्या. ‘धुणारी’ मला कोणी म्हटलं नाही.

हिवाळ्यात एमिलिया माहेरी आली तेव्हा मी तिला विचारलं, की लग्नात विरजण घेऊन गेलीस तेव्हा वाटेत तू गप्प कशी राहिलीस? ती हसत सुटली. विरजण मांडीवर घेऊन ती गाडीत अख्ख्या वाटेने गात गेली होती.

सासूबाई सूत कातत होत्या. “मग मला का गप्प बसवलंत?” मी त्यांना विचारलं.

“मग काय करणार?” त्या चाकावरून नजर न काढता म्हणाल्या. “तुझ्या पोटात काही राहतं का? बार्बोराने एकदा विचारलं असतं, की तू कुंपणाशी उभी राहून सगळं सांगून मोकळी झाली असतीस.”

फेलिक्सला त्यांनी काथवट धुतल्याचं शेवटपर्यंत सांगितलं नाही. मीही नाही.