वरच्या खोऱ्यातले दिवे

टॅमरॅक खोऱ्यात एक रीत होती. शाळेला जायचं असेल तर पहाटे ओसरीवरचा दिवा लावायचा. दिवा दिसला की स्कूलबस थांबणार, आणि पोर बाहेर येईपर्यंत थांबून राहणार. पण पुलापलीकडे, वरच्या अंगाला, आता दिवा लावणारी केल्सी एकटीच उरली होती. बाकीची घरं शहरातल्या लोकांनी उन्हाळ्यापुरती घेतलेली, आणि देखरेखीसाठी त्यांच्या किल्ल्या केल्सीकडे.

भोवतालचं जंगल सगळं सरकारी. जंगल काही कर भरत नाही, म्हणून सरकार शाळेला पैसे द्यायचं. ते वॉशिंग्टनात अडकले आणि आधी शाळेचा शुक्रवार गेला, आठवड्याला चारच दिवस शाळा उरली, मग गाण्याच्या बाई गेल्या. आता पाळी बसची. सोमवारी शाळा मंडळाचे मिस्टर लुंडग्रेन बसमधून स्वतः बघायला येणार होते, वर कुणी राहतं तरी का. बस पुलापर्यंतच झाली, तर केल्सीला गावात आत्याकडे राहावं लागणार आणि बाबा इथे एकटे.

"बघायचंय ना त्यांना? मग असं खोरं दाखवते की बघतच राहतील," केल्सी म्हणाली.

"काय करणारेस?" बाबांनी विचारलं.

"रोषणाई."

"आधी ती भांडी घास. मग कर रोषणाई."

रविवारी संध्याकाळी ती सायकलवर निघाली आणि प्रत्येक बंद घराच्या ओसरीवरचा दिवा लावून आली. वरच्या वळणावरून तिनं मागे पाहिलं. खोरं अगदी ती लहान असतानाच्यासारखं दिसत होतं. स्वतःवर इतकी खूश ती कधीच झाली नव्हती.

सोमवारी अंधारात ती रस्त्याकडेला उभी राहिली. खाली बस दिसली, आणि पूर्वी क्विस्ट राहायचे त्या घरापाशी थांबली. हॉर्न वाजला.

दिव्यांच्या नादात केल्सी रीतच विसरली होती.

बस थांबून राहिली. पुन्हा हॉर्न. मग हळूच निघाली, ती पुढच्या दिव्यापाशी थांबायला. प्रत्येक दारात तेच. हॉर्न जंगलात घुमायचा आणि कुठलंच दार उघडायचं नाही.

केल्सी बसमध्ये चढली तेव्हा लुंडग्रेन काचेबाहेर बघत होते.

"आलीस तू एकटीच, बाळ," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. "पैसे आले तर बघू. नाहीतर नाताळनंतर बस पुलापर्यंतच."

केल्सी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली. "मिस वर्ना, दिवे मी लावले होते, कळलं नाही तुम्हाला?"

वर्नानं आरशातून पाहिलं. "कळायला हवं होतं गं. पण क्विस्टांकडे उजेड दिसला आणि वाटलं, आली पोरं परत. त्या धाकट्याला बूट सापडायला कायम उशीर. म्हणून तिथे जरा जास्तच थांबले."

संध्याकाळी केल्सी परत सायकलवर निघाली आणि एकेक दिवा मालवत गेली. क्विस्टांचा तिनं सगळ्यात शेवटी मालवला. मग वर पाहिलं. बाबांनी घरचा दिवा लावून ठेवला होता. अख्ख्या खोऱ्यात तेवढाच.