पंखाची रेघ

"चुलीत घाला ती," गिरिजाबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, आणि पंचाक्षरी मास्तर तिसऱ्यांदा चुलीपर्यंत जाऊन, वही तशीच छातीशी धरून परत आले. झडती शेजारच्या घरात पोचली होती.

मास्तर मुरुमच्या शाळेत चित्रकला शिकवत. साल अठ्ठेचाळीस, वैशाखाचे दिवस. सरहद्दीवरच्या नाक्यांवर स्वातंत्र्यसैनिकांचे हल्ले होत होते आणि निजामाचे पोलीस गावोगाव घरं उलथीपालथी करत होते. मास्तरांनी उभ्या जन्मात कुत्र्यालासुद्धा हाड म्हटलं नव्हतं. त्यांचा गुन्हा एकच, ही वही. तरुणपणी हैदराबादेत एका ग्रंथालयात त्यांना लिओनार्दो नावाच्या इटलीतल्या जुन्या चिताऱ्याचं थोरलं पुस्तक सापडलं. माणसानं उडायचे पंख, पाती लावलेला रथ, घटकेत उभा करायचा पूल. मास्तरांनी दोन सुट्ट्या उपाशीतापाशी बसून सारं उतरवून घेतलं. तो चितारी डावखुरा, आरशात दिसावं तसं उजवीकडून डावीकडे लिहायचा. मास्तरही डावखुरे. अक्षर कळत नसताना त्यांनी तेही जसंच्या तसं काढलं. असला भक्त देवालाही मिळत नाही.

शेवटी गिरिजाबाईंनी नवऱ्याच्या हातातून वही हिसकावून ज्वारीच्या कणगीत खुपसली. शिपायांनी आत येताच सगळ्यात आधी कणगीच उपडी केली.

अमीन, म्हणजे पोलिसांचा फौजदार, बाजेवर बसून पानं उलटू लागला. पूल पाहून थांबला, रथ पाहून पुन्हा थांबला. अक्षरांवरून उर्दूच्या सवयीनं उजवीकडून बोट फिरवलं, पण काही अर्थ लागला नाही. 

"ये किसने बनाया?"

"म्या काढलंय साहेब. मूळ करणारा इटलीतला. त्याला मरून चारशे वर्सं झाली."

चारशे वर्षांमागं मेलेल्या माणसाचा पूल तुझ्या ज्वारीत कशाला लपतो, असं अमीननं विचारलं.  मग त्यानं कागद आणि पेन्सिल पुढं टाकली. तू काढलंस तर आत्ता काढून दाखव, नाहीतर ज्यानं दिलं त्याचं नाव सांग, नाहीतर तालुक्याला चल. तालुक्याला नेलेली गावातली दोन माणसं अजून परतली नव्हती.

मास्तरांनी पेन्सिल धरली. हात असा कापत होता की टोकच मोडलं. दुसरी दिली, तर रेघ भरकटत कागदाबाहेर गेली. शिपाई हसले. आपण मरणार, आणि तेही चित्र काढता येत नाही म्हणून, हे मास्तरांना लख्ख दिसलं. धोतर ओलं होईल इतकी त्यांना भीती वाटली.

तेव्हा दाराआडून गिरिजाबाई बोलल्या. "साहेब, यांची लिंगपूजा व्हायचीय अजून. तेवढी होऊ द्या. मग न्या कुठं न्यायचं तिथं."

अमीननं मान हलवली. मास्तरांनी गळ्यातलं इष्टलिंग काढून रोजच्यासारखं डाव्या तळहातावर घेतलं. लहानपणी डाव्या हातानं लिहितो म्हणून वडील बडवत, तेव्हा मठाच्या स्वामींनीच त्यांना सोडवलं होतं. ज्या हातावर लिंग बसतं तो हात वंगाळ कसा, असं त्यांनी विचारलं होतं. चाळीस वर्षं रोज सकाळी हा हात न हलवता धरायची सवय होती. आजही तो हळूहळू थांबत आला. पुरता नाही.

लिंग गळ्यात बांधून त्यांनी त्याच हातानं पंख काढला. खाली उजवीकडून डावीकडे ती न कळणारी अक्षरं लिहिली. अमीननं वहीतलं पान आणि हे पान शेजारी धरून दोनदा पाहिलं.

"दिमाग फिरेला है इसका," तो शिपायांना म्हणाला आणि उठला. मास्तरांना सोडलं. वही मात्र काखेत मारून नेली, नवं काढलेलं पान तिथंच टाकलं.

मास्तर सांडलेल्या ज्वारीत बसून रडले. जीव वाचला म्हणून की वही गेली म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. गिरिजाबाई ज्वारी भरत राहिल्या. मी सांगत होते, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

भादव्यात निजामाचं राज्य गेलं. मास्तर तालुक्याला तीन हेलपाटे घालून आले, पण जुन्या कागदांचा कुणाला पत्ता नव्हता. उरलं ते त्या दिवशी काढलेलं एवढंच पान. त्याला चौकट करून त्यांनी ते वर्गात लावलं. पुढं पुण्याकडून आलेल्या नव्या हेडमास्तरांना ते फार आवडलं. फक्त रेघ जागोजागी थरथरलीय, तेवढं एकदा स्वच्छ काढून का लावत नाही, असं त्यांनी विचारलं.

मास्तर सगळ्या वर्गादेखत म्हणाले, "भ्यालो होतो तवा. ऱ्हाऊ द्या तशीच."