पूजेला बसवलेला संगणक

नवमीच्या दुपारी तीनच्या सुमारास माझी सून स्वरदा हिने कालच आणलेल्या नव्या संगणकावर माझ्या थोरल्या बहिणीचे गाणे लावले, आणि दर दहा सेकंदांनी त्यातून एक कर्कश शिट्टी वाजू लागली.

कनकाअक्का तंजावरला असते. आमच्या घराण्यातील मराठी पदे तिच्याच कंठात उरली होती. गेल्या आषाढात आजाराने तिचा आवाजच गेला. उद्या, विजयादशमीला, सकाळी सात वाजता तिच्या घरी सात मुली पहिला पाठ घेण्यास बसणार होत्या. अक्का समोर असेल. गाईल ती मात्र स्वरदेने दोन वर्षांपूर्वी टिपलेल्या चित्रफितीतून.

"ही शिट्टी कसली?" मी विचारले.

"प्लगिनची, आप्पा. गाणं टिपलं त्या हॉलमधल्या पंख्याची घरघर आहे ना, ती गाळायला मी विकत घेतलेलं सॉफ्टवेअर. त्याचं लायसन्स एका वेळी एकाच मशीनवर चालतं. जुन्यावरून सोडवल्याशिवाय नव्यावर बसत नाही. तोवर ते अशी शिट्टी मारत राहतं."

"मग सोडव."

तिने केवळ देवघराकडे पाहिले.

जुना संगणक तेथे होता. आठ वर्षे त्याने विद्येची सेवा केली, म्हणून सकाळी मीच त्याला चंदन-कुंकू लावून सरस्वतीपुढे ग्रंथांच्या राशीत बसविले होते. "थांबा, लायसन्स तेवढं काढून घेते," असे ती म्हणाली होती. "उद्या काढ, आज त्याला विश्रांती," असे मीच म्हणालो होतो. पूजेला बसविलेल्या साधनाला विसर्जनापूर्वी हात लावावयाचा नाही, हा आमच्या घरचा नियम. आणि पुण्याहून आलेली ही मुलगी तो माझ्याहून कसोशीने पाळते.

"कंपनीस विनंती कर ना."

"केली. उत्तर आलं, दोन कामकाजाचे दिवस लागतील. आप्पा, त्यांना सरस्वती ठाऊक नाही, सीरियल नंबर ठाऊक आहे."

मी पंचांग उघडले. विसर्जनाचे श्रवण नक्षत्र उद्या नऊनंतर. पान मिटले, पुन्हा उघडले. नऊ ते नऊच. गच्चीवर गेलो, आमच्या गिंडी भागातील कारखान्यांच्या दारांवर यंत्रांच्या पूजेसाठी बांधलेले केळीचे खांब पाहिले, खाली आलो. अशा धर्मसंकटात मी आजवर अक्कालाच फोन करीत असे. हात फोनकडे गेला आणि तेथेच थांबला.

"घरघरीसकट पाठव," मी म्हणालो.

तिने ऐकविले. पंखाच गात होता. अक्का कोठे तरी त्याच्या मागे. मुलींच्या कानावर पहिला स्वर पडणार तो असा?

"फाइल तयार व्हायलाच तीन तास लागतात," स्वरदा हलकेच म्हणाली. "पण तुम्ही म्हणाल तसं. मी हात लावणार नाही."

"तू लावूच नकोस."

मी देवीपुढे बसलो. क्षमेचे श्लोक बालपणापासून मुखोद्गत. त्या क्षणी दुसराच चरण आठवेना. तसाच उठलो, झाकणावरील अक्षता वेचून तळहातावर घेतल्या आणि संगणक उचलून उघडला.

"अहो आप्पा!"

"पूजा मी मांडली, दोषही माझाच. हे धर."

"कुंकू की-बोर्डात सांडतंय!"

"मग पूस, आणि सोडव."

चार मिनिटांत काम झाले. नव्या यंत्रावर गाणे पुन्हा लागले: शिट्टी नाही, पंखा नाही, अक्काचा श्वाससुद्धा ऐकू आला. स्वरदेने डोळे टिपले आणि लगेच कामाला लागली. सायंकाळी साडेसातला चित्रफीत तंजावरला पोचली.

"हा परत तिथे ठेवू का?" जुना संगणक हातांत धरून तिने विचारले.

उठविलेले पुन्हा बसविता येते काय, हे शास्त्रात शोधावे लागेल. तोवर ग्रंथांच्या राशीतील त्या चौकोनी रिकाम्या जागेकडे दृष्टी जाई आणि मी ती वळवीत असे.

"ऐकू नीट येते आहे ना तिकडे?" मी म्हणालो. "पुन्हा एकदा विचार."