पाण्याचं रॉकेट

निर्मळ गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या जागृतीनं विज्ञान दिनासाठी पाण्याचं रॉकेट करायला घेतलं आणि तिच्या डोक्याला ताप झाला. कोल्ड्रिंकच्या बाटलीत थोडं पाणी, तोंडाला रबरी बूच, बुचात सायकलचा व्हॉल्व्ह. बाटली उलटी उभी करून पंपानं हवा भरत राहायचं. दाब बुचाला पेलेनासा झाला की पाणी खाली सुटणार आणि बाटली वर. पण बूच कधी आधीच निसटे, कधी कडेनं हवा फुसफुसे.

कार्यक्रमातही तेच. पाहुण्यांसमोर पंप मारून ती घामाघूम झाली, पण बाटली जागची हलेना. मुलं खिदळू लागली. शेवटी मुख्याध्यापिका मार्थाबाईंनी दिवाळीतला उरलेला बाण आणवला. तो सुंईकन गेला. टाळ्याच टाळ्या!

"बघा मुलांनो," संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "धूर खालच्या हवेला रेटतो, म्हणून रॉकेट वर जातं."

जागृतीला राहवेना. "सर, मग हवाच नाही तिथं रॉकेट कसं..."

"जागृतीबाई, चहाचं बघता ना?" मार्थाबाई गोड हसून म्हणाल्या.

पाहुणे गेल्यावर तिनं चिडूनच बुचाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि पुन्हा पंप मारायला घेतला. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातून येणारी शिपाईण कमळी मैदान झाडत होती.

"बाई, हवाच भरायची तर पानी कशाला?"

"होडीतून उडी मारलीस की होडी मागं सरते ना?" जागृती करवादली. "ती हवेला रेटते का? तूच तिला रेटतेस. तसंच हे. बाटली पाणी खाली फेकते, पाणी बाटलीला वर फेकतं. नुसती हवा हलकी, तिचा धक्का तो कितीसा!"

"खरं हाय. बारकं पोर उतरलं तर होडी हलत पन नाय."

"तेच तर..."

फट्! दोघी चिंब भिजल्या. बाटली कौलांवरून थेट केळीच्या बागेत.

"हे सकाळी का नाही झालं गं?" जागृती रडकुंडीला आली. कमळी पदर पिळत हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात तिनं विचारलं, "रॉकेट वर कसं जातं?"

"हवेला रेटून!" सगळा वर्ग ओरडला. "अध्यक्ष म्हणाले!"

तिनं डस्टर आपटलं. "उठा. मैदानावर चला."

मैदानात पहिल्याच खेपेला बूच निसटलं. मुलं पुन्हा खिदळली. जागृतीनं दातओठ खात ते परत घट्ट बसवलं आणि पंप हातात घेतला.