पाव्हण्यांना जागा

मी मोजणी कारकून होतो. चौपन्न साली मुलुंड अजून मुंबईत गेलेलं नव्हतं, गावचा कारभार गावच्या पालिकेकडे होता. बस चालवायचा एक ठेकेदार, पण ती कुठून कुठे जाईल हे ठरवायची आमची वाहतूक समिती. समितीचे अध्यक्ष श्यामसुंदरराव वकील. गाडी एकच आणि तिच्यावर डोळा दोघांचा. तीन मैलांवर डोंगराच्या पायथ्याशी कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची चिंचवाडी, आणि स्टेशनच्या पलीकडे आमच्यासारख्या कचेरीवाल्यांची नवी कॉलनी. गाडी चिंचवाडीला जात होती. श्यामसुंदररावांनी ती कॉलनीला कबूल केली होती. माझं बिऱ्हाड कॉलनीतच होतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला कोणी देवमाणूस समजायला नको.

मार्ग बदलायचा तर मोजणी करावी लागे. रीत अशी, की आठ दिवस आधी लेखी कळवायचं, समितीने सकाळच्या गाडीनेच जायचं आणि शेवटच्या थांब्यावर किती माणसं चढतात ते लिहायचं. खाली गावातल्या एका जाणत्याची सही घ्यायची. ती सूचना मीच कंडक्टरच्या हाती वाडीला धाडली. तिच्यात लिहिलं होतं, 'समिती पाहणीस येत आहे.' मोजणी कशाची, ते लिहायची पद्धत नव्हती.

वाडीतून रोज सकाळी सातच्या गाडीला चाळीसेक माणसं चढायची. त्यातलाच एक सहदेव. गिरणीत पट्ट्यात सापडून त्याचा उजवा पाय गेला होता. कुबडीवर चालायचा. स्टेशनजवळच्या रंगाच्या कारखान्यात त्याला फाटकावर बसायचं काम मिळालं होतं. आठच्या भोंग्याला फाटकावर नसला तर काम जाणार. वाडीत लिहितावाचता तोच, म्हणून सगळे त्याला विचारून चालायचे.

मोजणीच्या दिवशी समितीतर्फे श्यामसुंदरराव आणि मी पोचलो आणि मी बघतच राहिलो. थांब्यापुढची जमीन शेणाने सारवलेली, चिंचेच्या झाडाला आंब्याच्या पानांचं तोरण. माणसं दोन्ही बाजूंना अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून उभी. सहदेवाने श्यामसुंदररावांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, त्यांच्यासमोर नारळ वाढवला. कंडक्टरने घंटी दिली. एकही माणूस जागचा हलला नाही.

"का रे, चढत का नाही कोणी?" श्यामसुंदररावांनी विचारलं.

सहदेव हसला. "सायब, आज कोण चडाचो नाय. मी सगळ्यांका सांगलंय. पाव्हण्यांका बसाक जागा होयी ना. आमचा काय, आमी चलत जातंव."

"आणि तू?"

"माजीपण आज रजाच."

श्यामसुंदररावांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, निदान ते तरी बोलतील. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि म्हणाले, "विद्याधर, चढले किती?"

एक वाक्य बोललो असतो तर भागलं असतं. 'अहो, चढा सगळे, तुमचीच मोजणी चाललीय,' एवढंच. ते माझ्या जिभेवर आलेलंही होतं. मग मला कॉलनीतला चिखल आठवला, रोज सकाळी धोतर वर धरून स्टेशन गाठायचं ते आठवलं.

"शून्य," मी म्हणालो, आणि तसं लिहिलं.

बाकीची माणसं तोवर पायी कामाला निघून गेली होती. कागद सहदेवापुढे धरला. त्याने वाचला. चढले शून्य, हे खरंच होतं, आणि त्याला त्याचा अभिमानच वाटला. वाडीची शिस्त कागदावर उतरली असं त्याला वाटलं असावं. झाडाच्या बुंध्याला टेकून, कुबडी काखेत धरून त्याने ठसठशीत सही केली. परतीच्या गाडीत आम्ही दोघेच होतो. श्यामसुंदरराव पाय पसरून बसले आणि वाटेत म्हणाले, "माणसं मोठी लाघवी आहेत हो."

महिन्याभरात गाडी कॉलनीला लागली. सहदेव पहिले दोन आठवडे पहाटे पाचला निघायचा. तिसऱ्या आठवड्यात काखेत गळू झालं, तीनदा भोंगा चुकला, आणि फाटकावर दुसरा माणूस बसला. त्यानंतर एका दुपारी तो कचेरीत आला, घामाने निथळत. परत मोजणी करा म्हणाला. मी त्याला नियम सांगितला: गाडी जाते तिथेच मोजणी होते.

तो टेबलाजवळ सरकला. मग वाकून हळूच म्हणाला, "सायब, एक करा. ती सई माजी होती म्हणान वाडीत कोणाक सांगू नकात." आणि त्याने हात जोडले. कुबडी घसरली, ती मीच उचलून दिली. नाही सांगणार, म्हणालो.

आठवड्याने वाडीची माणसं आली, वीसेक. बायकाही होत्या. सगळी आरडाओरड करत होती. आम्ही रोज चढतो, शून्य कोणी लिहिलं, श्यामसुंदररावांना बाहेर बोलवा. श्यामसुंदरराव आतल्या खोलीत चहा घेत होते. त्यांनी शिपायाकडून निरोप पाठवला, 'विद्याधरला म्हणावं, मिटव.' मी फाइल उघडली, कागद वर धरला आणि खालचं नाव मोठ्याने वाचलं.

 एक म्हातारा दारातच थुंकला आणि चालू लागला. एकामागून एक बाकीचेही गेले. पाच मिनिटांत मिटलं. मला लाज वाटायला हवी होती, पण सुटल्यासारखं वाटलं.

एक बाई तेवढी मागे राहिली. सहदेवाची बायको, सुलक्षणा. तिने कागदाकडे पाहिलंच नाही.

"तेनी तुमका हात जोडलेले ना, सायब?" ती म्हणाली.

मी फाइलीची दोरी बांधली. साडेपाच वाजले होते. बाहेर कॉलनीची गाडी उभी होती, खिडकीजवळ बसायला जागा मिळाली.