एक्केचाळिसावा दाणा

आईने वृद्धनिवासात जावं की जाऊ नये, हे मी चौकटीच्या कागदावर मधोमध रेघ मारून लिहून काढलं होतं. सदतीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यावर मला रेघ मारल्याशिवाय विचारच करता येत नाही. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. तो कागद घेऊन मी निश शहरातून लेस्कोवात्सला आईच्या घरी गेले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि हात धुऊन आले, तोवर आईने त्यावर भाजलेल्या मिरच्यांची सालं टाकायला सुरुवात केली होती.

"अगं, माझा कागद!"

"कोरी बाजू वर आहे. तुझं लिहिलेलं खाली सुखरूप आहे. बस, चाकू घे."

माझी आई स्तामेना पंच्याऐंशी वर्षांची आहे. सप्टेंबरात ती लाल मिरच्यांची टोपली घेऊन अंगणाच्या पायऱ्या उतरताना पडली आणि दोन तास लाकडाच्या खोपटाशी पडून राहिली. शेजारच्या वेर्काचं कुत्रं भुंकत सुटलं म्हणून कळलं. मी धावतपळत पोचले तर म्हणाली, "पडले कुठे, जरा आडवी झाले होते." रक्तदाबाची गोळी ती कधी दोनदा घेते, कधी घेतच नाही. चुलीची लाकडं स्वतः फोडते. मी पन्नास किलोमीटरवर. फोन दुसऱ्यांदा वाजून उचलला नाही, की मी गाडीची किल्ली हातात घेते.

आमच्याकडे राहायचा प्रयोग करून झाला होता. चौथा मजला, लिफ्ट नाही. आई बाल्कनीत उभी राहून खालून जाणाऱ्या अनोळखी बायकांना "काय गं, बाजारातून आलीस का?" अशा हाका मारायची. एकही बाई थांबायची नाही. माझ्या नवऱ्याने, झिवोयिनने, तिच्याशी पत्ते खेळून पाहिले, पण तो मुद्दाम हरतो हे तिला कळलं आणि तिचा पारा चढला. अकरा दिवस काढले तिने. बाराव्या सकाळी उठले तर कोट घालून दारात आपल्या बॅगेवर बसलेली.

म्हणून तो निवास. निशच्या वेशीवर, आमच्यापासून दहा मिनिटं. याहोदा नावाच्या नर्सबाई तो चालवतात. बावीस म्हातारी माणसं, प्रत्येकाला आपली खोली, आपली किल्ली, दिवसरात्र नर्स. एक खोली रिकामी झाली होती आणि याहोदाबाईंनी ती रविवारपर्यंत आमच्यासाठी ठेवली होती.

"तर मग सांग," आई मिरची सोलता सोलता म्हणाली. "फायदे सांग. तोटे मला पाठ आहेत."

वेर्का कॉफी घेऊन आलीच होती. ती साठीची आहे आणि कुठल्याही चर्चेत तिला जन्मतः मत असतं.

"पडलीस तर दोन मिनिटांत कोणीतरी येईल," मी म्हणाले.

"कुत्रं येतंच की."

"गोळ्या वेळेवर मिळतील. लाकडं फोडावी लागणार नाहीत. गरम पाणी, गरम जेवण."

"काकू, फुकटची नोकर माणसं, अजून काय पाहिजे?" वेर्का म्हणाली.

"तू जा मग."

"मला कोण नेतंय? माझा मुलगा मला बटाट्याच्या तळघरातसुद्धा जागा देणार नाही."

आई हसली. मग चाकू खाली ठेवून म्हणाली, "हे बघ बिसेर्का. तिकडचं सूप पाणचट असेल, ते मी गिळीन. परक्याने आंघोळ घातलेली सोशीन. पण लोक तुला बोलतील. एकुलती एक मुलगी, आईला वृद्धनिवासात टाकून आली म्हणतील."

"बोलू देत."

"बोलू देत म्हणतेस. तिसरीत असताना कोणी तुला ढ म्हटलं होतं, तर दोन दिवस जेवली नव्हतीस. तू ते मनात घेऊन बसशील आणि वाळशील. मी तिकडे मजेत असले तरी तू वाळशील. हा तोटा तुझ्या कागदावर आहे का?"

नव्हता. मला रागही आला आणि रडूही. मी मिरच्या सोलत राहिले.

"दाण्यांनाच विचारा की काकू," वेर्का म्हणाली. "अख्खी आळी तुम्हाला विचारते."

हे खरं होतं. आई घेवड्याच्या दाण्यांचा कौल लावते, तिच्या आईकडून शिकली. एक्केचाळीस पांढरे दाणे, रुमालात बांधलेले. आधी मोठ्याने मोजायचे. हाताने तीन ढीग करायचे, प्रत्येक ढिगातून चार-चार दाणे बाजूला सारायचे, शेवटी उरतील ते एक ते चार दाणे मांडायचे. ही पहिली ओळ. बाजूला सारलेल्यांचे पुन्हा तीन ढीग, म्हणजे दुसरी, तशीच तिसरी. पहिल्या ओळीत मधले दाणे म्हणजे डोकं, दुसरीत काळीज, तिसरीत पाय. मधे विषम आले तर बरं, सम आले तर घोर.

मी दहा वर्षांची असताना टेबलाशी बसून बघायचे आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं, की पहिल्या ओळीची बेरीज दर वेळी पाच येते नाहीतर नऊ. कधीच सहा नाही, कधीच आठ नाही. मी आईला सांगितलं. तिने दुपारभर मांडून पाहिलं आणि रात्री वडिलांना म्हणाली, "या पोरीला शिकवायला पाहिजे." तेव्हापासून पहिली ओळ मांडली, की आई बेरीज बघते. पाच किंवा नऊ नसली तर एखादा दाणा कमी आहे. मग आलेल्या बायकांना कपाटाखाली शोधायला लावते.

कौल ती खरा सांगते, अशी तिची ख्याती आहे. पाद्र्याच्या बायकोलासुद्धा वाईट ते वाईट सांगितलं होतं. फक्त एक नियम. स्वतःचा आणि आपल्या रक्ताचा कौल लावायचा नाही.

"डोळ्यांवर माया येते," ती वेर्काला म्हणाली, "आणि मग दाणे पाहिजे तसे दिसतात. ते राहू दे. शनिवारी जाऊन सूप चाखते, मग बघू."

शनिवारी तिने काळा चांगला कोट घातला, डोक्याला रुमाल बांधला आणि खिशात दाण्यांची पुरचुंडी घातली. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "चष्मा घेते तसं."

निवासात तिने सगळं तपासलं. गाद्या दाबून पाहिल्या, नळ सोडून पाहिले, खिडकी उघडून बाहेर कोणाचं अंगण दिसतं ते पाहिलं. जेवायला बसलो. सूप आलं. आईने एक चमचा तोंडात घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी मनातल्या मनात कागद फाडून टाकला.

समोर एक ताठ बाई बसली होती, कालिओपा; याहोदाबाईंनी ओळख करून दिली. चाळीस वर्षं टपाल कचेरीत काम केलेली, त्यामुळे माणसाला नखशिखान्त वाचायची सवय.

"लेस्कोवात्सच्या का तुम्ही?" तिने विचारलं. "सूप पिताना चेहरा असा फक्त तुमच्याकडचे लोक करतात. तिखटाशिवाय तुम्हाला मेल्यासारखं होतं."

"तुम्ही चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाचलीत असं दिसतंय," आई म्हणाली.

"फक्त उघडी असलेली."

तेवढ्यावर दोघींचं जमलं. दाण्यांची गोष्ट कशी निघाली कळलं नाही, पण बशा बाजूला सरकल्या आणि आईने मोठ्याने एक्केचाळीस मोजले. कालिओपाबाईंचा प्रश्न असा, की परदेशात, लिंत्सला असलेला मुलगा नवीन वर्षाला येणार का. आजूबाजूच्या टेबलांवरच्या खुर्च्या आमच्याकडे वळल्या. पहिली ओळ, बेरीज पाच. दुसरी. तिसऱ्या ओळीत पायांच्या जागी चार दाणे.

मला वाटलं, आई आज तरी काहीतरी गोड सांगेल. परकी जागा, पहिला दिवस.

"पाय बांधलेले आहेत," आई म्हणाली. "येत नाही तो. काळजात तुम्ही आहात, तीन आलेत बघा, पण येणं होत नाही."

कालिओपाबाईंनी बोटाने दाणे स्वतः मोजून पाहिले. मग नाक शिंकरून म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं. इथे सगळे मला म्हणतात, येईल हो, येईल. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी कोणी धड बोललं." आणि वळून हाक मारली, "याहोदा! माझ्या शेजारची ती खोली या बाईंना द्या. आणि सुपाचं बघा काहीतरी, लाज आहे नुसती."

आम्ही निघेपर्यंत चार जणी आणि एक म्हातारबुवा आईच्या खुर्चीमागे उभे होते. माझ्या डाव्या रकान्यात सतरा गोष्टी होत्या. ही त्यात नव्हती.

मी आईला लेस्कोवात्सला परत आणलं. फाटकाशी उतरताना म्हणाली, "तिखट मी माझं नेईन. आणि मिरच्यांच्या चटणीच्या, आपल्या आयवारच्या वीस बाटल्या. कपाट मोठं आहे ना गं त्या खोलीत?"

नोव्हेंबराच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. घराची किल्ली आणि कोंबड्या वेर्काकडे. आई जाताना रडली नाही, कुत्र्याच्या डोक्यावर तेवढा हात फिरवत राहिली. रडले मी, गाडी सुरू करायच्या आधी, आणि झिवोयिन म्हणाला, "अगं, ती दहा मिनिटांवर राहायला येतेय."

आणि मग आईने सांगितलं होतं तसंच झालं. बाजारात एक जुनी शिक्षिका भेटली, "आई कशा आहेत?" म्हणून विचारलं, आणि मी सांगितल्यावर नुसतं "हं" म्हणाली. तो "हं" मी घरी घेऊन आले. चुलत भावाने फोनवर सांगितलं, की आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही. मी जेवेनाशी झाले. रोज निवासात जायचे, आईची उशी सारखी करायचे, नर्सबाईंना गोळ्यांबद्दल छळायचे. आई तर माझ्याकडे बघायलाही मोकळी नसायची. तिच्या दारात रांग असायची. स्वयंपाकिणीला तिने तिखट घालायला लावलं होतं, आणि कालिओपाबाई कोणाचा नंबर कधी ते वहीत लिहून घ्यायच्या.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी गेले, तर आईने कालिओपाबाईंना सांगितलं, "आज रांग बंद. माझी मुलगी आलीय." दार लावलं, मला पलंगावर बसवलं आणि माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"किती किलो उतरलीस?"

"आई, मी बरोबर केलं का?"

"काय?"

"तुला इथे आणलं ते. कौल लाव माझा. एकदाच."

"रक्ताचा लावत नाहीत. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. लाव तरी."

मला वाटलं, ती रागावेल. मी बासष्ट वर्षांची बाई, आईच्या पलंगावर बसून नाक पुसत होते. तिने माझ्याकडे पाहिलं, पुरचुंडी सोडली, टेबलावर रुमाल पसरला आणि मोठ्याने मोजलं. एक्केचाळीस. मी तिच्याबरोबर मनात मोजले, बरोबर एक्केचाळीस होते.

तीन ढीग केले. चार-चार सारले. डाव्या ढिगात तीन उरले. मधला ढीग सारताना तिचे हात मंदावले, दोन्ही तळवे क्षणभर दाण्यांवर आडवे आले. मग हात बाजूला झाले. मधे एक. उजवीकडे चार.

"डोक्यात एक," आई म्हणाली. "डोकं साफ आहे. घोर नाही, बोल नाही. लोक काय म्हणतात त्याचा इथे मागमूस नाही."

तीन, एक, चार. आठ.

पन्नास वर्षांत मी तिच्या टेबलावर पहिल्या ओळीत आठ पाहिले, की पुढचं वाक्य ठरलेलं असायचं. शोधा गं, दाणा पडलाय. आई ते बोलली नाही. तिने बेरीजही पाहिली नाही. उजव्या हाताने ती दुसरी ओळ मांडू लागली. एरवी ती दोन्ही हातांनी मांडते. डावा हात मांडीवर होता, मूठ मिटलेली.

"काळजातही एक," ती म्हणाली. "पायांत तीन, वाट सरळ. बरोबर केलंस पोरी. दाणे सांगताहेत."

मी पुन्हा पहिल्या ओळीकडे पाहिलं. माझे ओठ हलले असावेत, वर्गात हलायचे तसे.

"मास्तरीणबाई," आई म्हणाली, "आता मोजणं पुरे."

मी मान हलवली. माझ्या डोक्याच्या जागी आलेल्या दोन दाण्यांतला एक तिने उचलून घेतला होता, जन्मात कोणासाठी केली नव्हती ती लबाडी करून, आणि मला ते दिसलंय हे तिला पक्कं माहीत होतं. मी तिची ती डावी मूठ माझ्या दोन्ही हातांत धरली आणि तिच्यावर ओठ टेकले. तिने ती उघडली नाही. मीही उघडायला लावली नाही.

"जा, कपाटातून आयवार काढ," ती म्हणाली. "पाव आहे. माझ्यासमोर खा."

मी तिच्यासमोर बसून चार तुकडे खाल्ले.